आईची जुनी कंबरदुखी, अ‍ॅक्युपंक्चर करून बघावं का?

मेधा_नाशिक

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या आईबद्दल आहे, जरा मोठा आहे पण प्लीज वाचा.

आईचं वय ६२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर्ड. गेली चार वर्षं कंबर दुखतेय. सकाळी उठली की कंबर इतकी आखडलेली असते की थोडा वेळ पलंगाच्या कडेला नुसती बसून राहते, मग भिंतीला धरून बाथरूमपर्यंत. ओट्याशी उभी राहिली की चार पोळ्या होईपर्यंत डावीकडे कुल्ल्यातून मांडीत कळ उतरते, मग गॅस बारीक करून खुर्चीवर बसते आणि परत उठते. एमआरआय काढलाय, एल४-एल५ ला डिस्क बल्ज आहे, म्हणजे कंबरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर आलीय, नस थोडी दबलीय, पण ऑर्थो म्हणाले ऑपरेशन करावं असं काही नाही, वजन आणि व्यायाम बघा. बेल्ट, शेक, ट्रॅक्शन, मालिश सगळं करून झालं.

डायबेटिस आणि बीपी दोन्ही आहे. पेनकिलरने बरं वाटायचं पण मधे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) थोडं वाढलेलं आलं म्हणून फिजिशियननी रोजची पेनकिलर बंद केली, आता अगदीच असह्य झालं तर पॅरासिटामॉल घे म्हणाले. त्याने तिला फारसा फरक पडत नाही. फिजिओने व्यायाम दिलेत पण दुखतं म्हणून ती करत नाही आणि करत नाही म्हणून अजून दुखतं, हे मला दिसतंय पण तिला रागावून तरी काय होणार.

शेजारच्या काकूंना गुडघ्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरने बरं वाटलं म्हणून त्यांच्या ओळखीच्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे पाच मिनिटं नाडी बघितली, जीभ बघितली, रिपोर्ट उघडलेसुद्धा नाहीत, आणि म्हणाले २५ सिटिंगचं पॅकेज घ्या, पैसे आधी, दुखणं मुळापासून जाईल, आणि शुगरच्या गोळ्या पण हळूहळू बंद करू. हे शेवटचं ऐकून मी घाबरले आणि घरी घेऊन आले. पण आईच्या मनात मात्र भरलंय, रोज विचारते कधी जायचं म्हणून.

तर खरंच याचा उपयोग होतो का? शुगर असताना सुया टोचून घेणं बरोबर आहे का? आणि माणूस चांगला आहे हे कसं ओळखायचं? कोणी स्वतः घेतलं असेल तर नक्की सांगा.

---

रानवारा

मेधाताई, मी घेतलंय, कंबरेसाठीच. माझं ड्रायव्हिंगचं काम, दिवसभर गाडीत बसून, आणि बरीच वर्षं सायटिका सांभाळतोय.

आधी सुयांची भीती काढून टाका. इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड असते, ही भरीव असते आणि केसाइतकी बारीक, पाव मिलीमीटरच्या आसपास. टोचताना मुंगी चावल्याएवढंही कळत नाही कधीकधी. पण आत गेल्यावर ते जेव्हा सुई बोटांनी हलकेच फिरवतात तेव्हा एक जड, दाबल्यासारखा ठणका येतो आणि तो पसरतो. आमच्या डॉक्टरबाई विचारायच्या, जडपणा आला का, आला म्हटलं की पुढची. मला पालथं झोपवून कंबरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कुल्ल्यावर, गुडघ्याच्या मागच्या खळगीत आणि घोट्याच्या बाजूला लावायच्या. मग कंबरेतल्या सुयांना छोटे चिमटे लावून मशीन चालू, त्याने स्नायू टिकटिक उडतो. वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं, मी बऱ्याचदा झोपून जायचो.

आता खरं सांगतो, पहिल्या एक-दोन वेळा काहीच वाटलं नाही, उलट त्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं झालं. नंतर हळूहळू रात्रीची झोप लागायला लागली, कूस बदलताना जी कळ यायची ती कमी झाली. दुखणं गेलं नाही पण इतकं उतरलं की मी सकाळी चालायला जायला लागलो. आणि माझं मत विचाराल तर खरा फायदा त्या चालण्याने झाला, सुयांनी ते चालणं शक्य केलं. मधे सीझनमध्ये चालणं सुटलं तर काही महिन्यांत दुखणं परत हजर. म्हणून मुळापासून जाईल असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की डिस्क मी जागेवर नेऊ शकत नाही, दुखणं कमी करायला मदत करू शकते.

---

फिजिओ_अनघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जुन्या दुखण्याचे पेशंट रोज बघते त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते.

मेधा, सगळ्यात आधी, शुगरच्या गोळ्या बंद करू म्हणणाऱ्या माणसाकडे परत पाऊलसुद्धा टाकू नका. अ‍ॅक्युपंक्चर हे दुखण्यासाठी चालू औषधांच्या सोबत करायची गोष्ट आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना फक्त तुमचे फिजिशियन हात लावतील.

दुसरं, काही लक्षणं असतील तर सुया-बिया सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसतो त्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होऊन पाऊल घसटत चालणं. तसंच तापासोबत कंबरदुखी, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तर आधी तपासणी. आईंना यातलं काही नाही असं धरून पुढचं लिहितेय, पण एकदा नीट विचारून घ्या, त्या पिढीच्या बायका लघवीचं वगैरे आपणहून सांगत नाहीत.

शुगर असताना चालतं का, तर चालतं, काळजी घेऊन. शुगर फार वाढलेली असेल तर इन्फेक्शनचा धोका असतो म्हणून आधी ती आटोक्यात हवी. पावलांना बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर ते आधीच सांगायचं, तिथे जखम झाली तरी कळत नाही. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, बऱ्याच ठिकाणी सुया लावून वरून शेकाचा लाल दिवा लावतात किंवा मोक्सा म्हणजे जळत्या वनस्पतीचा शेक देतात. शुगरच्या पेशंटच्या पायाला चटका बसतोय हे त्यांना जाणवतच नाही आणि मग फोड, मग न भरणारी जखम. पायावर शेक नको म्हणून स्पष्ट सांगायचं. रिकाम्या पोटी जायचं नाही, चक्कर येऊ शकते, शुगर उतरू शकते. पेसमेकर असेल तर करंटवालं मशीन नको.

सुई प्रत्येक वेळी नवीन, सीलबंद पाकिटातली, तुमच्या समोर फोडलेली हवी. ‘तुमच्या सुया तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो’ हे अजिबात चालणार नाही. लावताना किती आणि काढताना किती ते मोजायला सांगा, मी तर नातेवाइकांनाच मोजायला लावते. किरकोळ निळा डाग, थेंबभर रक्त हे होतं. गंभीर काही होणं दुर्मिळ आहे, पण खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला लागू शकते, म्हणून शिकलेला हात हवाच.

आणि पॅकेज घेऊ नका. सहा ते आठ सिटिंग ठरवा, आठवड्याला एक किंवा दोन. त्याआधी वहीत दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा, म्हणजे किती पोळ्या उभ्याने होतात, सकाळी किती वेळ आखडलेलं असतं, रात्री किती वेळा जाग येते. आठव्या सिटिंगनंतर त्याच गोष्टी परत लिहा. फरक नसेल तर थांबायचं, ‘अजून दहा करा मग बघा’ याला काही अर्थ नसतो. फरक असेल तर त्याच दिवसांत व्यायाम वाढवायचा, रानवारा यांनी अगदी नेमकं लिहिलंय.

---

तर्कसंगत

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका. मला पाठीचा त्रास आहे म्हणूनच मी याच्यावर बरंच वाचलं आहे.

जर्मनीत एक मोठी चाचणी झाली होती, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, जुन्या कंबरदुखीचे ११६२ पेशंट. तीन गट केले. एकाला पद्धतशीर चिनी अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला नाटकी, म्हणजे सुया टोचल्या पण वरवर आणि मुद्दाम चुकीच्या जागी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे औषधं, फिजिओ, व्यायाम. सहा महिन्यांनी बघितलं तर खऱ्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक, नाटकी गटात ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के.

म्हणजे सुई ठरलेल्या बिंदूत टोचली काय किंवा दोन बोटं बाजूला टोचली काय, फरक जवळजवळ सारखाच. तर मग ते ‘ची’ नावाची ऊर्जा, मेरिडियन म्हणजे ती वाहण्याचे मार्ग, नाडीवरून कोणता मार्ग अडलाय हे सांगणं, याला कितपत अर्थ उरतो? कोणी तुमच्याकडून पैसे घेऊन सांगत असेल की तुमच्या मूत्रपिंडाच्या मार्गात अडथळा आहे, तर ते ऐकून आईंना उगीच किडनीची धास्ती बसेल, आधीच क्रिएटिनिनचा विषय आहे. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेसुद्धा २००९ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं होतं आणि २०१६ मध्ये ती शिफारस काढून टाकली.

करू नका असं म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून करा.

---

फिजिओ_अनघा

तर्कसंगत, आकडे बरोबर आहेत आणि मी ते पेशंटनाही सांगते. पण त्याच आकड्यांतली दुसरी गोष्ट बघा ना, दोन्ही सुईवाल्या गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त फरक पडला. त्यात अपेक्षेचा वाटा असणार, तिसऱ्या गटाला माहीत होतं की आपल्याला सुया मिळाल्या नाहीत. पण वरवर टोचलेली सुईही काहीच न करणारी नसते, त्वचेतल्या नसांना ती कळतेच.

नंतर २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या वीस हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून बघितली गेली, पाठ-मान, गुडघा, डोकेदुखी, खांदा असं जुनं दुखणं. त्यात खरं अ‍ॅक्युपंक्चर नाटकीपेक्षा सरस ठरलं, पण फरक लहान. आणि मिळालेला आराम वर्षभरानंतर साधारण १५ टक्केच कमी झालेला दिसला, हे मला महत्त्वाचं वाटतं. नाइसचंही पुढचं सांगायला हवं, २०२१ मध्ये त्यांनी ज्या जुन्या दुखण्याला दुसरा कुठला आजार कारण म्हणून सापडत नाही त्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करायला सांगितलंय, मायग्रेनसाठी तर २०१२ पासून आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी मात्र ते नको म्हणतात.

सुई काम कशी करते याचा थोडा अंदाज आहे. शरीर स्वतःचं वेदनाशामक तयार करतं, एंडॉर्फिन. १९७० च्या दशकातल्या काही प्रयोगांत त्याचा परिणाम अडवणारं नालॉक्सोन दिलं तर सुईने मिळालेला आराम कमी झाला होता. मेरिडियन वगैरे मीही धरून बसत नाही. पण समोर बसलेल्या ६२ वर्षांच्या बाईला पेनकिलर देता येत नाही, ऑपरेशनची गरज नाही आणि दुखण्यामुळे व्यायाम होत नाही, अशा वेळी कमी धोक्याचा एक उपाय ठरावीक मुदतीसाठी वापरून बघायला मी हो म्हणते. ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण अशा बायका दुखणं सहन करत करत घरातच बसून जातात आणि मग गुडघे, वजन, शुगर सगळंच बिघडत जातं.

---

नेकारकाठी

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. इथे त्याच चाचण्यांनंतर, २००७ पासून, सरकारी आरोग्य विमा जुन्या कंबरदुखीसाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो. पण कसं, तर दुखणं निदान सहा महिन्यांचं हवं, सुया लावणारा एमबीबीएससारखा डॉक्टर आणि वर त्याने याचं वेगळं ट्रेनिंग घेतलेलं, एका वेळी किमान अर्धा तास, आणि जास्तीत जास्त दहा सिटिंग सहा आठवड्यांत, अपवाद म्हणून पंधरा. मायग्रेनला देत नाहीत.

माझ्या मिस्टरांनी घेतलं तेव्हा डॉक्टरांनी पहिली भेट नुसती बोलण्यात घालवली, कुठे दुखतं, कधी वाढतं, काय करता येत नाही. हे सांगायचं कारण की जिथे विमा कंपनीला पैसे मोजावे लागतात तिथेही दहाच्या आसपास थांबतात, मग २५ चं पॅकेज कशाला? अमेरिकेत माझी बहीण आहे, तिच्या सासूबाईंना मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून मिळालं, तिथे २०२० पासून फक्त जुन्या कंबरदुखीला देतात, ९० दिवसांत बारा, सुधारणा दिसली तर अजून आठ, नाही दिसली तर बंद.

---

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरकर म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की लोक लगेच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतात की त्यांनीच हे चीनमधून आणलं. कोटणीस सर्जन होते, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर पण होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय अवघं ३२. हे शास्त्र शिकून भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या शेवटी परत चीनला जाऊन, आणि कलकत्त्यात सुरू केलं. आमच्या कोटणीसांबद्दल अभिमान आहेच, पण बसूंचं श्रेय बसूंना मिळायला हवं.

मेधाताई, तुमच्या कामाचं म्हणजे केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि आपल्या महाराष्ट्रात तर २०१५ चा वेगळा कायदाच आहे, त्याखाली कौन्सिल आहे आणि नोंदणी लागते. सरळ विचारा, कौन्सिलचा नोंदणी नंबर काय. जो खरा असतो तो भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवतो. जो ‘आमच्याकडे परंपरेने आहे’ वगैरे सांगायला लागेल तिथून चहा न घेता उठायचं. माझ्या वडिलांना मानेसाठी लावलं तेव्हा हेच केलं होतं.

---

मेधा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आईला बसवून अनघाताईंचे सगळे प्रश्न विचारले. लघवीचा वगैरे त्रास नाही, ताकद ठीक आहे, पण डाव्या पावलाला मुंग्या येतात म्हणाली, हे मला माहीतच नव्हतं. म्हणून आधी फिजिशियनकडे नेलं, त्यांनी पाय तपासले, शुगरची तीन महिन्यांची सरासरी काढली, ७.४ आली. म्हणाले सुया लावायला हरकत नाही, पावलांवर शेक नको, अगदी तुम्ही लिहिलं तेच.

नोंदणी असलेल्या एक डॉक्टर मिळाल्यात, एमबीबीएस आहेत आणि पॅकेज नाही, दर वेळचे दर वेळी पैसे. एमआरआय बघितला, आईला वाकून, चालून, टाचेवर उभं करून बघितलं. वहीत लिहायला सुरुवात केलीय, पहिली नोंद आईनेच केली, ‘उभ्याने चार पोळ्या, सकाळी अर्धा तास आखडते’, शिक्षिकेचं अक्षर आहे, समास सोडून!

अनघाताई, दोन गोष्टी राहिल्या. आई रोज ७५ ची अ‍ॅस्पिरिन घेते, ती सिटिंगच्या आधी बंद करायची का? आणि व्यायाम कधीपासून, सुयांच्या दिवशीच की दुसऱ्या दिवशी?

---

फिजिओ_अनघा

अ‍ॅस्पिरिन बंद करायची नाही, ती हृदयासाठी आहे. डॉक्टरांना सांगून ठेवा, सुई काढल्यावर कापसाने जरा जास्त वेळ दाबून धरतील, एखादा निळा डाग पडेल, घाबरू नका. ७५ च्या वर डोस असेल किंवा सोबत रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल तर मात्र आधी फिजिशियनला विचारा.

व्यायाम, सुयांच्या दिवशी घरातल्या घरात चालणं पुरे. दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, सकाळी अंग आखडलेलं असताना नको, नाश्त्यानंतर. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा व्यायाम आधीच्या फिजिओने दिला असेलच, तो पाच वेळा, थोडं दुखलं तरी चालेल पण कळ पायात खाली उतरायला लागली तर थांबायचं. आणि पोळ्या करताना एक पाय छोट्या पाटावर ठेवायला सांगा, दर दोन-तीन पोळ्यांनी पाय बदलायचा. चौथ्या सिटिंगनंतर वहीत काय आलंय ते इथे टाका, मी बघते.